डबीतले अकरा जण

सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही.

न्यू जर्सीत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार झालेले असतात. हे उन्हाळ्यात. हिवाळ्यात साडेपाच.

म्हैस बिचकली की पान्हा चोरते.

चारशे बारा लोकांना मी चांगला मुलगा वाटत होतो.

पूर्वी ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळायची. मग मधेच ऑपरेटरचा आवाज यायचा.

एका गोलात एका माणसाचं चित्र. खाली काही लिहिलेलं नाही.

"रंगा, बस की आत. का ढकलत नेणारायस?"

हे शेवटचं वाक्य माझ्या आईचं. आम्ही तिला माई म्हणतो. वय तेव्हा एकाहत्तर. रविवारी सकाळी सव्वासातला, राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या फाटकात, ती तिच्या दोन सीटांच्या विजेवरच्या गाडीत स्टीअरिंग धरून बसली होती आणि मी बाहेर उभा राहून आत कसं शिरावं याचा अंदाज घेत होतो. गाडी आमच्या शिसवी पलंगापेक्षा फार तर दोन हात लांब. रंग हळदीचा. मागे भाजीच्या दोन पिशव्या राहतील एवढी डिकी. माई तिला डबी म्हणायची आणि सगळी गल्लीही.

मी शिरलो. आधी डोकं, मग एक गुडघा, मग उरलेला मी. बसल्याबरोबर बुडाखालचं प्लास्टिक असं करकरलं की समोरच्या घरातला कुत्रा उठून उभा राहिला.

"हे अजून काढलं नाहीस?"

"विनूभावजींनी सांगितलंय ना, काढायचं नाही म्हणून."

"मग तुझ्या सीटवरचं?"

"ते पहिल्याच दिवशी फाडलं. मला रोज बसायचं असतं." ती पट्टा लावत म्हणाली, "तुमच्या बाजूचं ठेवलंय. तुमची इच्छा आहे तर."

आमच्या मागे भाड्याची सात सीटांची गाडी उभी होती. तीत विनूकाका, माझी बहीण वृंदा, आणि 'काय होतंय ते बघायला' आलेले आणखी चौघे. विनूकाका वडिलांचे धाकटे भाऊ, डोंबिवलीला असतात. आयुष्यभर शाळातपासनीस होते. निवृत्त झाले, पण तपासनीसच राहिले. त्यांच्या मांडीवर फायलीचं पॅड होतं. पॅडवर कागद. कागदावर रकाने.

त्या दिवशी माईची परीक्षा होती.

*

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आमच्या घरात तशी पद्धत नाही, पण सांगतो.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माईची स्कूटर सुटली. मग आम्ही सर्वांनी मिळून ठरवलं की ती आता एकटी राहू शकत नाही. सर्वांनी म्हणजे माई सोडून. मी पुण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. तिथे तिच्यासाठी खोली तयार केली. भिंतीला मोरपंखी रंग, न्हाणीघरात धरायला दांडा, आणि खिडकीतून बघायला समोरची इमारत. खोलीचा फोटो टाकून मी खाली लिहिलं, 'आता सेवेची पाळी आमची.' चारशे बारा जणांना ते आवडलं. आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघानं बोलावून मला शाल आणि नारळ दिला. आई अजून आली नव्हती. नारळ आला होता.

आणि मग माईनं कुणाला न विचारता ही गाडी घेतली.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, 'कागलकर कुटुंब (फक्त महत्त्वाचे)':

विनूकाका: वहिनी, हा निर्णय कोणाशी चर्चा करून घेतला?

वृंदा: माई!!!

प्रसन्न, न्यू जर्सी: मामी, एअरबॅग किती आहेत?

माई: दोन सीट.

प्रसन्न: एअरबॅग विचारतोय मामी.

माई: हो. दोन सीट आहेत.

तीन दिवस भांडण झालं. चौथ्या दिवशी तडजोड निघाली. माईनं महिनाभर गाडी चालवून बघायची. महिन्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे येणार आणि तिनं आमच्यादेखत गावातून रंकाळ्यापर्यंत गाडी नेऊन दाखवायची. पास झाली तर ती तिच्या घरात राहील. नापास झाली तर गाडी विकायची, घराला कुलूप, आणि माई पुण्याला.

"चालेल," माई फोनवर म्हणाली होती. "पेपर कोण काढणार?"

*

ओटीपीचं सांगायलाच हवं.

आमच्या घरात गेली काही वर्षं माईला एकच गोष्ट पढवली जात होती. फोनवर काही आकडे आले तर कुणाला सांगायचे नाहीत, स्वतः काही दाबायचं नाही; आधी ग्रुपवर टाकायचं, मग आम्ही बघू. माई शिस्तीची. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. गाडीचं अ‍ॅप सुरू करायचा सहा आकडी नंबर आला तो तिनं शिस्तीत ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत अकरा जण गाडीत शिरले.

म्हणजे अ‍ॅपमध्ये. ज्याच्याजवळ तो नंबर, त्याच्या फोनवर ती गाडी. कुठे उभी आहे, किती चार्ज आहे, दार लागलंय का, सगळं दिसायचं. आणि नुसतं दिसायचं असतं तर कागलकरांना त्यात काय गोडी? बदलता पण यायचं. विनूकाकांनी डोंबिवलीत बसून एक आवाज चालू केला, जो दर चौकात 'कृपया सावकाश' म्हणायचा. वृंदानं बंगळूरहून नकाशावर एक वर्तुळ काढलं. त्यात देऊळ, दवाखाना, बँक आणि भाजी मंडई होती; त्यापलीकडे एकाहत्तर वर्षांच्या बाईला काही लागत असेल असं तिला वाटलं नाही. वर्तुळाबाहेर गेलं की गाडी कोकलायची. कुणीतरी एसी चोवीसच्या खाली जाणार नाही असं करून ठेवलं. कुणी केलं ते कळलं नाही, पण ज्यानं केलं त्यानं मायेनं केलं.

सगळं मायेनंच.

"तुला त्रास होत नाही का गं?" मी एकदा विचारलं होतं.

"कसला? पूर्वी एका लाईनवर याहून जास्त माणसं असायची."

*

परीक्षा. सात वाजून वीस मिनिटं.

माईनं बटण दाबलं. गाडी सुरू झाली नाही. पडद्यावर अक्षरं आली. माईनं भाषा मराठी करून घेतली होती, त्यामुळे अपमानसुद्धा शुद्ध मराठीत व्हायचा.

'आता रात्र आहे. वाहन चालवण्यास परवानगी नाही.'

माईनं काचेतून बाहेर पाहिलं. फाटकावर लख्ख ऊन होतं. दूधवाला सायकलवरून गेला.

"रात्र आहे म्हणतेय," ती म्हणाली.

विनूकाका मागच्या गाडीतून उतरले, पॅड घेऊन. "काय झालं? वहिनी, घाबरू नका. पहिला रकाना, वाहन सुरू करणे. त्यात काय लिहू?"

"जरा थांबा लिहायला. गाडीत रात्र झालीय."

मग शोध सुरू झाला. सहा जण फाटकात उभे राहून आपापला फोन चाळत होते आणि प्रत्येक जण म्हणत होता, मी नाही, मी नाही. शेवटी वृंदानं प्रसन्नला फोन लावला. प्रसन्न माझा आतेभाऊ. तो जागा होता.

"हो, मी टाकलंय की! काल रात्रीच टाकलं. संध्याकाळी सात ते सकाळी सहा गाडी बंद. मामीला अंधारात दिसत नाही नीट."

"कुठले सात?" वृंदानं विचारलं.

"म्हणजे?"

"कुठले सात वाजता, प्रसन्न?"

पलीकडे तो पुटपुटत तास मोजू लागला. मग बारीक आवाज आला. "माझे."

माईनं हात पुढे करून वृंदाकडून फोन घेतला. "प्रसन्न, जेवलास का?"

"हो मामी. सॉरी मामी. आत्ता काढतो."

"सावकाश काढ. मला काही घाई नाही, माझी नुसती परीक्षा आहे."

सात पन्नासला गावातली रात्र संपली; वेळापत्रकातला गल्लीतल्या सरावाचा अर्धा तास तीत गेला होता. डबी निघाली. तिचा आवाज नव्हता. आवाज माझ्या प्लास्टिकचा होता. प्रत्येक खड्ड्याला ते करकरायचं आणि माई म्हणायची, "तू जरा कमी हल."

ती चांगली चालवत होती. हे मला तेव्हाही कळलं. आरसे बघत होती, हात सैल होते, रिक्षा आडवी आली तर शिवी न देता वाट देत होती. व्हीनस कॉर्नरला 'कृपया सावकाश' झालं तेव्हा तिनं त्या आवाजाला "बरं भावजी" असं उत्तर दिलं. मागच्या गाडीतून विनूकाका खिडकीबाहेर डोकं काढून बघत होते आणि लिहीत होते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल होता. त्यात एका माणसाचं चित्र.

"हे काय?" मी विचारलं.

"असेल काहीतरी," माई म्हणाली. "समोर बघ. नाहीतर तुला गाडी लागते."

*

आठ वाजता आम्ही दसरा चौक ओलांडला. रविवार. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. मागे, काकांच्या गाडीच्या आणि आमच्या मधे घुसलेली सिटी बस.

टिंग.

गाडी एकदम मंदावली. पंचवीस, अठरा, दहा. आणि दहावर थांबली. ताशी दहा. माईनं पाय दाबला. दहा. आणखी दाबला. दहाच.

मागे ब्रेकचा आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. मी वळून पाहिलं. डबीच्या मागच्या काचेत रस्ता नव्हता, आकाश नव्हतं. फक्त बसचं तोंड होतं, आणि त्यातला ड्रायव्हर उभा राहिला होता.

"ओ आज्जी!" तो खिडकीतून ओरडला. "काय थांबावं वाटलंय काय मधेच? सांगायचं तरी!"

माईनं काच खाली केली, उजवा हात बाहेर काढला, पाठीमागच्या सगळ्या रांगेला हळू-हळू अशी खूण केली आणि गाडी डावीकडे रस्त्याच्या कडेला घेतली. थांबवली नाही. दहाच्या वेगानं नेत राहिली.

पडद्यावर दोन ओळी आल्या होत्या. मी त्या वाचणार एवढ्यात माईनं कमरेचा रुमाल काढून पडद्यावर टाकला.

"ऊन लागतंय डोळ्यांवर," ती म्हणाली.

आम्ही पश्चिमेला चाललो होतो. सकाळचे आठ वाजले होते. ऊन आमच्या पाठीवर होतं.

माझा फोन वाजायला लागला.

"काय चाललंय?" वृंदा. "दहावर का आलीय? कुणी केलं? प्रसन्न म्हणतो मी नाही. काका म्हणतात मी नाही. मी तर वर्तुळ पण काढून टाकलंय कालच."

"बघतो," मी म्हणालो आणि फोन खिशात ठेवला.

दोन पोरं मोटरसायकलवरून शेजारी आली आणि आमच्या वेगानं चालवायचा प्रयत्न करू लागली. त्या वेगात मोटरसायकल उभी राहत नाही, म्हणून दोघं पाय टेकत टेकत येत होती.

"आज्जी, चावी द्यायची ऱ्हायली काय खेळण्याला?"

"दिली होती रे," माई म्हणाली. "घरच्यांनी काढून घेतली."

पोरं हसली आणि गेली. मी हसलो नाही. माईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बिंदू चौक आला, गेला. मुंग्या आमच्यापुढे जात होत्या असं म्हणणार नाही, पण एक आजोबा गेले, काठी घेऊन.

"एक्स्चेंजमध्ये," माई अचानक बोलायला लागली, "रात्रपाळीला एक मुलगा रोज ट्रंक कॉल लावायचा. सांगलीला, आईला. रोज खोटं बोलायचा. नोकरी लागली म्हणायचा, जेवतो वेळेवर म्हणायचा. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे पडायचं. तीन मिनिटं झाली, वाढवू? असं विचारायचं. न विचारता तोडायचं नाही."

"तुम्हाला सगळं ऐकू यायचं?"

"यायचं की. पण ऐकलं नाही, असं म्हणायचं. नोकरीचा नियमच होता."

पापाची तिकटी आली. आठ वाजून बावीस मिनिटं. परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही रंकाळ्यावर असायला हवं होतं.

*

मागच्या गाडीतल्या परीक्षक मंडळाचा धीर गंगावेशीच्या तोंडाशी सुटला. "पुढे जाऊन थांबतो," असा विनूकाकांचा निरोप आला आणि सात सीटांची ती गाडी हॉर्न मारत आमच्या उजवीकडून पुढे गेली. आणि सरळ दूध कट्ट्यावर.

कोल्हापूर ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: गंगावेशीत गवळी म्हशी रस्त्यावर आणून उभ्या करतात, गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं राहतं आणि गवळी डोळ्यादेखत धार काढून देतो. मधून जायला वाट असते. तिच्यातून जायची एक रीत असते. भाड्याच्या गाडीला ती माहीत नव्हती आणि डोंबिवलीला तर नव्हतीच.

हॉर्न. पुन्हा हॉर्न. एक म्हैस आडवी झाली. तिच्यामुळे दुसरी. गाडीचा आरसा घागरीला लागला, घागर लवंडली आणि पाच-सहा शेर दूध विनूकाकांच्या बाजूच्या दाराखाली पसरलं. काका त्याच वेळी उतरत होते, बुटांसकट.

"आंधळा हाईस का रं?" गवळी ड्रायव्हरवर ओरडला. त्याचं नाव हिंदुराव. ते मला नंतर कळलं. "जनावर बिचकलं माझं! आता दिवसभर पान्हा चोरंल! कुणाच्या कासंत हात घालू, तुज्या?"

"हे पाहा, सभ्य भाषेत बोला," दुधात उभे राहून विनूकाका म्हणाले. "आम्ही एका परीक्षेसाठी आलो आहोत."

"कसली परीक्षा? हॉर्न वाजवायची? पैला नंबर तुमचा!"

गर्दी जमली. गाडी पुढेही जाईना, मागेही. आणि त्या सगळ्याच्या मागून, ताशी दहा किलोमीटर वेगानं, आवाज न करता, हळदीच्या रंगाची डबी आली. माईनं हॉर्नला हात लावला नाही. दोन म्हशींच्या मधे गाडीपेक्षा जेमतेम हातभर जास्त जागा होती. डावीकडच्या म्हशीचं नाक माझ्या काचेला घासून गेलं. ओला गोल उमटला. तिनं रवंथ थांबवला नाही.

हिंदुराव वळला आणि त्याचा चेहराच बदलला.

"या वैनी, या! आज उशीर? आणि आज गाडी अशी का कासवागत?"

"आज गाडीत माणसं जास्त आहेत, हिंदुराव."

त्यानं वाकून आत पाहिलं. मी एकटाच होतो. "ह्ये पावणं कोण?"

"माझा मुलगा. पुण्याला असतो."

"आरं तिच्या! तुमी व्हय?" त्यानं मला नीट न्याहाळलं. मग काकांकडे वळून म्हणाला, "बघा साहेब. ही म्हातारी माणूस. म्हैनाभर रोज येत्यात, पेलाभर दूध घेत्यात, जात्यात. एक डाव हॉर्न न्हाई. ही माझी सरी म्हस न्हाई का, त्यांच्या गाडीकडं मान पण वळवत न्हाई. असं चालवायला शिका. मग परीक्षा घ्या."

गंगावेस वृंदाच्या वर्तुळाच्या बाहेर होती. म्हणजे माई महिनाभर रोज कोकलणाऱ्या गाडीत बसून तिथे दूध प्यायला येत होती.

*

रंकाळ्याच्या काठावर निकाल लागला. काकांनी बूट काढून कठड्यावर वाळत घातले होते. पॅडवरच्या कागदाला दुधाचा वास येत होता.

"एकूण पाहता," ते म्हणाले आणि थांबले, कारण एकूण पाहायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. "एकूण पाहता, वहिनींनी संयम दाखवला. वेग कुठेही वाढवला नाही."

"वाढवता येत नव्हता," वृंदा म्हणाली.

"तेच! योग्य वेगमर्यादा. अशा गर्दीत दहा हाच वेग. मी आधीपासून सांगत होतो. किंबहुना ती मर्यादा... मला वाटतं मीच घातली असणार. सावकाशच्या सेटिंगमध्येच ते येतं."

"काका, ते नुसता आवाज काढतं. वर्तुळ काढताना मी काहीतरी दहा दाबलं होतं," वृंदा म्हणाली. "आत्ता आठवतंय. मीच असेन."

फोनवर प्रसन्न होता. "नाही नाही, माझं आहे ते. रात्रीचं काढताना खाली एक पर्याय होता. मी सेफ्टी म्हणून ठेवला. बघा, उपयोगी पडलं ना?"

अर्ध्या तासापूर्वी ज्या मर्यादेला बाप नव्हता तिला आता तीन झाले. माई चहा पीत ऐकत होती.

"कुणी का घातली असेना," ती म्हणाली. "मायेनंच घातली असणार. होय ना रे रंगा?"

एक सेटिंग सांगायचं राहिलं.

आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी अ‍ॅप उघडलं होतं. विनूकाकांच्या वेळापत्रकानुसार आठ वाजता आम्ही दसरा चौकात असणार होतो. मी लिहिलं: आठपासून, कमाल वेग दहा. गाडी मधेच रखडली की माई गोंधळेल, गाड्या मागे खोळंबतील, लोक ओरडतील, तिला रडू येईल, मग मी तिचा हात धरून म्हणेन, राहू दे माई, चल माझ्याकडे. ते हात धरणं मी दोनदा मनात करून पाहिलं होतं. बसचा मी विचार केला नव्हता. चारशे बारा लोकांचा केला होता, नारळाचा केला होता, मोरपंखी भिंतीचा केला होता.

"हो," मी म्हणालो. "मायेनंच."

विनूकाकांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि खाली सही केली. तारीख टाकायला ते विसरत नाहीत.

*

परत येताना डबीत आम्ही दोघंच. दोनच सीट.

माईनं रुमाल काढून कमरेला खोचला. पडद्यावरच्या दोन ओळी तशाच होत्या. वेग कुणी बदलला ते फोनवर दिसत नसे, फक्त इथे दिसायचं.

'श्रीरंग यांनी वेगमर्यादा १० केली.'

'काल, ११:४०.'

श्रीरंग मीच. रंगा मला फक्त माई म्हणते.

मी त्या ओळींकडे बोट केलं. "माई, ते..."

"ऐकलं नाही मी."

"अजून काही बोललोच नाही."

"तेच. मी ऐकलं नाही."

ती गाडी सुरू करत नव्हती. तिचा अंगठा पडद्यावर होता, कोपऱ्यातल्या गोलावर, एका माणसाच्या त्या चित्रावर. दाबत नव्हती. नुसता ठेवला होता. रंकाळ्यावरून वारा येत होता आणि माझ्याखालचं प्लास्टिक मी श्वास घेतला तरी वाजत होतं.

"तीन मिनिटं झाली," माई म्हणाली.

"कशाला?"

"वाढवू?"

मला काही कळलं नाही. पण तिचा आवाज वेगळा होता, मी कधी न ऐकलेला. स्वच्छ, परका, नोकरीतला. त्या आवाजाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं.

"वाढव," मी म्हणालो.

तिनं अंगठा उचलला.

मी फोन काढून दहा पुसले. दोनदा पुसावे लागले. डबी निघाली आणि लगेच चाळीसवर गेली.

"सावकाश," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बरं भावजी," माई म्हणाली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. माई राजारामपुरीतच राहिली. हळदीचा रंग उडून लिंबाचा झाला. पुण्याच्या मोरपंखी खोलीत व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर कपडे वाळतात. तो फोटो मी अजून काढलेला नाही. आता तो चारशे एकोणीस जणांना आवडतो. अ‍ॅपमध्ये आम्ही अकराच्या अकरा जण अजून आहोत. शेजारच्या सीटवरचं प्लास्टिकही आहे, कडेला जरासं फाटलेलं.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी शोरूममधल्या मुलीनं माईला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. चार्जिंगची वायर कशी लावायची, आणि कोपऱ्यातल्या गोलातला एकटा माणूस दाबला की मालक सोडून बाकी सगळे गाडीतून कायमचे बाहेर जातात.